चहाला पाणी लागतं, चहाला आलं लागतं: हॅमिल्टन–जेफरसन वाद मूळ कागदांतून कसा वाचायचा

अमेरिकेचा पहिला अध्यक्ष वॉशिंग्टन याचा अर्थमंत्री हॅमिल्टन आणि परराष्ट्रमंत्री जेफरसन, या दोघांभोवती तिथले पहिले दोन पक्ष उभे राहिले. त्यांच्याबद्दल बहुतेक क्रमिक पुस्तकांत एक तक्ता असतो. डावीकडे फेडरलिस्ट: हॅमिल्टन, बलवान केंद्र, व्यापार, इंग्लंड. उजवीकडे रिपब्लिकन: जेफरसन, राज्यांचे हक्क, शेती, फ्रान्स. तक्ता खोटा नाही. पण त्यावर विसंबलात की १८०३ साली पाय अडकतो. त्या वर्षी अध्यक्ष झालेला जेफरसन घटनेत कुठेही न लिहिलेला अधिकार वापरून, फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रदेश विकत घेऊन, देशाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट करतो आणि फेडरलिस्ट त्याला घटनेच्या मर्यादा सांगतात. तक्ता उलटा होतो, आणि का झाला ते तक्त्यात लिहिलेलं नसतं.

म्हणून इथे दिलेली पद्धत वेगळी आहे. घटनेतलं एक कलम, १७९१ चं राष्ट्रीय बँकेचं विधेयक आणि त्यावरची दोन लेखी मतं आधी नीट वाचायची. मग एका वहीत पंचवीस वर्षांतले सहा-सात वाद त्याच मापाने मोजायचे. एम.ए.च्या अमेरिकन इतिहासाच्या पेपरसाठी, स्पर्धा परीक्षेसाठी किंवा चार जणांच्या अभ्यासमंडळासाठी ही पद्धत चालते. दीड-दोन तासांच्या सहा बैठका पुरतात.

काय जवळ ठेवायचं

अमेरिकेची अख्खी घटना नको. पहिल्या अनुच्छेदाचे ८, ९ आणि १० हे विभाग, सहाव्या अनुच्छेदातला सर्वोच्चतेचा परिच्छेद आणि दहावी दुरुस्ती, एवढं एका कागदावर छापून घ्या. आठव्या विभागात १८ कलमं आहेत. त्यांना पेन्सिलीने १ ते १८ आकडे घाला, कारण मूळ मजकुरात आकडे नाहीत आणि वादात सतत ‘कोणतं कलम’ हेच विचारलं जातं.

मूळ कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिथे विषयाने शोधू नका, शेकडो पत्रं अंगावर येतात. लेखकाचं नाव आणि तारीख घाला: जेफरसन, १५ फेब्रुवारी १७९१, हॅमिल्टन, २३ फेब्रुवारी १७९१. संपादकांच्या टिपा चांगल्या असतात, पण आधी मजकूर वाचा आणि मग टिपा. उलट केलंत तर संपादकाचं मत तुमचं होऊन बसतं.

जेफरसनचं मत एका बैठकीत आटोपतं. हॅमिल्टनचं कित्येक पट लांब आहे, त्याला दोन बैठका द्या. लांबीवरून बुजू नका; पहिल्या तृतीयांशातच त्याचा मुख्य मुद्दा मांडून झालेला असतो.

आधी नावांचा गुंता सोडवा

‘फेडरलिस्ट’ हा शब्द दोन काळांत दोन अर्थांनी येतो. १७८७–८८ मध्ये फेडरलिस्ट म्हणजे नव्या घटनेला मंजुरी द्या म्हणणारे, आणि अँटी-फेडरलिस्ट म्हणजे नको म्हणणारे. १७९२ नंतर फेडरलिस्ट म्हणजे हॅमिल्टनच्या धोरणांमागे उभा राहिलेला पक्ष. जुने अँटी-फेडरलिस्ट तेच नवे रिपब्लिकन, असं धरून चालणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. वहीच्या पहिल्या पानावर दोन नावं लिहून ठेवा, ती टळेल. जेम्स मॅडिसन १७८८ मध्ये घटनेच्या बाजूने लिहिणारा बिनीचा फेडरलिस्ट, १७९२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा मुख्य बांधणीकार. पॅट्रिक हेन्री १७८८ मध्ये व्हर्जिनियात घटनेचा कडवा विरोधक, १७९९ मध्ये फेडरलिस्टांच्या बाजूने निवडून आला. घटना स्वीकारावी का हा पहिला वाद होता. स्वीकारलेली घटना वाचावी कशी हा दुसरा.

‘रिपब्लिकन’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक तर आजचा अमेरिकेतला पक्ष येतो, नाही तर आपला १९५७ चा रिपब्लिकन पक्ष. दोन्हींचा इथे संबंध नाही. जेफरसनचे लोक स्वतःला रिपब्लिकन म्हणवत. ‘डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन’ हे जोडनाव मुख्यतः पुढच्या इतिहासकारांनी सोयीसाठी रूढ केलं. विरोधक त्यांना फ्रेंच राज्यक्रांतीतल्या जहाल गटावरून ‘जॅकोबिन’ म्हणत, आणि ती शिवी होती.

पक्ष म्हणजे सदस्यत्वाची पावती, झेंडा, मुख्यालय असंही समजू नका. पक्ष आधी दिसला तो वर्तमानपत्रांत. जॉन फेनोचं ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ सरकारच्या बाजूचं. त्याला उत्तर म्हणून ऑक्टोबर १७९१ मध्ये फिलिप फ्रेनोचं ‘नॅशनल गॅझेट’ निघालं. हा फ्रेनो जेफरसनच्या परराष्ट्र खात्यात वर्षाला २५० डॉलरवर भाषांतरकार होता. म्हणजे मंत्र्याच्या खात्यात नोकरी करायची आणि त्याच सरकारवर तोफा डागायच्या. हॅमिल्टन यावर संतापला, आणि त्याचा संताप अगदीच गैरलागू होता असं म्हणवत नाही.

आणखी एक शब्द. जुन्या कागदांत केंद्र सरकारला ‘जनरल गव्हर्नमेंट’ म्हटलेलं आढळेल. त्यातला ‘जनरल’ लष्करातला नव्हे. सर्व राज्यांचं मिळून असलेलं सरकार, एवढाच अर्थ.

भारतीय घटनेचा चष्मा काढून ठेवा

आपल्याकडे सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: संघसूची, राज्यसूची, समवर्ती सूची. उरलेले अधिकार अनुच्छेद २४८ प्रमाणे संसदेकडे. अमेरिकेच्या घटनेत यादी एकच, तीही केंद्राची, आणि उरलेलं सगळं दहाव्या दुरुस्तीप्रमाणे राज्यांकडे किंवा लोकांकडे. हा फरक डोक्यात पक्का नसेल तर जेफरसनचा युक्तिवाद आडमुठा वाटतो. बँकेचा उल्लेख यादीत नाही, यात एवढं काय? आपल्याकडे उल्लेख नसता तरी विषय केंद्राकडेच गेला असता. तिथे उल्लेख नाही म्हणजे विषय केंद्राचा नाही, इथपासून सुरुवात होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी दोन्ही व्यवस्थांची तुलना केली आहे. ती नजरेखालून घातलीत तर हा टप्पा सोपा जाईल.

एका शब्दाशी थांबा

आठव्या विभागातलं अठरावं कलम सांगतं की वरचे अधिकार अमलात आणण्यासाठी ‘नेसेसरी अँड प्रॉपर’ असतील ते कायदे काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, करता येतील. मराठी पुस्तकांत याचं भाषांतर ‘आवश्यक आणि योग्य’ असं करतात, आणि तिथेच वाद न ऐकता निकाल लागतो. ‘आवश्यक’ म्हणजे ज्यावाचून चालतच नाही ते. हा तर जेफरसनचा अर्थ झाला! हॅमिल्टनची बाजू त्या भाषांतरात मावतच नाही.

त्यापेक्षा ‘लागणं’ हे आपलं रोजचं क्रियापद घ्या. चहाला पाणी लागतं. चहाला आलं लागतं. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत आणि दोन्हींत ‘लागतं’ एकच आहे. पण पाण्याशिवाय चहा होत नाही. आल्याशिवाय होतो, फक्त तसा होत नाही. जेफरसनच्या मते कलमातलं ‘लागणारे’ हे पाण्यासारखं. हॅमिल्टनच्या मते आल्यासारखं, आणि लोक रोजच्या बोलण्यात हा शब्द असाच सैलसर वापरतात, असं तो लिहितो. वहीत भाषांतर करताना ‘लागणारे आणि साजेसे कायदे’ असं लिहा. वाद उघडा राहील.

विधेयक काय होतं

हॅमिल्टन अर्थमंत्री. डिसेंबर १७९० मध्ये त्याने राष्ट्रीय बँकेचा अहवाल काँग्रेसला दिला. भांडवल १ कोटी डॉलर. प्रत्येकी ४०० डॉलरचे २५,००० भाग. पाचवा हिस्सा सरकारचा, बाकी खासगी भागधारकांचा. सनद २० वर्षांची. ८ फेब्रुवारी १७९१ रोजी प्रतिनिधिगृहात ३९ विरुद्ध २० मतांनी ते मंजूर झालं. विरोधातल्या वीस मतांपैकी एक सोडून सगळी मेरीलंडपासून जॉर्जियापर्यंतच्या दक्षिणेकडच्या राज्यांची होती. हा आकडा वहीत ठळक लिहा, पुढे लागेल.

सभागृहात मॅडिसन विरोधात बोलला. वॉशिंग्टनने महान्यायवादी रँडॉल्फ आणि परराष्ट्रमंत्री जेफरसन यांची मतं मागवली. दोघांनीही विधेयक घटनाबाह्य ठरवलं. मग ती दोन्ही मतं हॅमिल्टनकडे उत्तरासाठी गेली. अध्यक्षाच्या हातात, रविवार वगळून, दहा दिवस होते. हॅमिल्टनचं उत्तर २३ तारखेला आलं, २५ फेब्रुवारीला सही झाली. हॅमिल्टनच्या मजकुरात कोणाला तरी खोडून काढण्याचा सूर का आहे, हे यावरून कळतं: समोर जेफरसनचा कागद ठेवूनच तो लिहीत होता.

जेफरसन वाचताना

सुरुवातीला तो मालमत्ता, वारसा, परकीयांचे जमिनीचे हक्क, मक्तेदारी अशा राज्यांच्या कायद्यांची यादी देतो आणि बँक ते सारे मोडते असं म्हणतो. हा भाग रुक्ष आहे, भरभर ओलांडा. त्यानंतर तो मुळाशी जातो: न दिलेला अधिकार राज्यांचा किंवा लोकांचा. इथे एक खाच आहे. तो याला ‘बारावी दुरुस्ती’ म्हणतो. तुम्ही घटनेत बारावी दुरुस्ती काढाल तर अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या निवडणुकीची १८०४ ची दुरुस्ती समोर येईल आणि काहीच जुळणार नाही. काँग्रेसने राज्यांकडे बारा दुरुस्त्या पाठवल्या होत्या, त्यांतली ही शेवटची. पहिल्या दोन तेव्हा मंजूर झाल्या नाहीत म्हणून ती दहावी ठरली, आणि तीही १५ डिसेंबर १७९१ ला. जेफरसन लिहीत होता तेव्हा ती अजून लागूही नव्हती.

पुढे तो तीन अधिकार घेतो: कर, कर्ज, व्यापार. बँक म्हणजे कर नव्हे, कर्ज काढणं नव्हे, व्यापाराचं नियमन नव्हे. मग अठरावं कलम. हे अधिकार बँकेवाचून वापरता येतात, म्हणून बँक सोयीची असेल, लागणारी नाही. सोय हाच निकष धरला तर असा एकही अधिकार उरणार नाही जो कुठल्या ना कुठल्या कलमाला सोयीचा म्हणून ओढून घेता येणार नाही.

शेवटचा परिच्छेद मात्र चुकवू नका. तिथे जेफरसन वॉशिंग्टनला सांगतो की बाजूचं आणि विरोधातलं पारडं तुम्हाला समसमान वाटत असेल, तर विधिमंडळाच्या शहाणपणाचा मान राखून त्याच्या बाजूने कौल द्यावा. बँकेला घटनाबाह्य म्हणणारा माणूस त्याच कागदाच्या तळाशी सही कधी करावी तेही सांगून जातो. जेफरसन म्हणजे सगळ्यालाच ‘नाही’ म्हणणारा, असं लिहिणाऱ्यांनी बहुधा हा कागद शेवटपर्यंत वाचलेला नसतो.

हॅमिल्टन वाचताना

तो जेफरसनच्या चौकटीत उत्तर देतच नाही, आधी चौकट बदलतो. सरकारला एखादा अधिकार दिला म्हणजे तो वापरण्याची साधनंही दिली. फक्त ती घटनेने मना केलेली नसावीत, अनैतिक नसावीत, राज्यव्यवस्थेच्या मूळ हेतूला मारक नसावीत. मग ‘लागणारे’ या शब्दावर येतो. गरज किती, या मोजमापावर कायदेशीर हक्क ठरवता येणार नाही. ते मताचं काम आहे आणि माणसागणिक बदलतं. साधन आणि साध्य यांचं नातं आहे की नाही एवढंच बघायचं. वहीत त्याची कसोटी तीन प्रश्नांत उतरवून घ्या: साध्य यादीतल्या अधिकारात स्पष्टपणे येतं का? साधनाचं साध्याशी उघड नातं आहे का? घटनेच्या एखाद्या कलमाने ते मना केलं आहे का? पहिल्या दोघांना हो आणि तिसऱ्याला नाही असेल तर पुढे चला.

त्याची दोन उदाहरणं हाताशी ठेवा. एक दीपगृहांचं. दीपगृहं, समुद्रातल्या खुणा आणि धक्क्यांबद्दलचा कायदा पहिल्याच काँग्रेसने १७८९ मध्ये केला होता. दीपगृहांवाचून व्यापाराचं नियमन अशक्य होतं, असं कोणी म्हणेल का? तरी तो कायदा कोणाला टोचला नाही. दुसरं उदाहरण जास्त मोलाचं, कारण ते हॅमिल्टनने स्वतःला घातलेलं कुंपण आहे: फिलाडेल्फिया शहराच्या अंतर्गत बंदोबस्तासाठी काँग्रेसला संस्था स्थापता येणार नाही, कारण तो बंदोबस्तच मुळात काँग्रेसच्या यादीत नाही. चहाचा अधिकार दिला असेल तर आलं घाला. भात शिजवायला घेऊ नका. हॅमिल्टनला अमर्याद केंद्र हवं होतं असं एका ओळीत लिहून टाकणाऱ्यांनी हे उदाहरण गाळलेलं असतं.

यानंतर हॅमिल्टनच्या उत्तराशेजारी, घटनेच्या मंजुरीसाठी लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतला ४४ वा लेख ठेवा. १७८८ मध्ये मॅडिसननेच त्यात लिहिलं होतं की साध्य सोपवलं की साधनांना परवानगी आलीच. तीन वर्षांनी बँकेविरुद्ध बोलताना त्याचं बोट दुसऱ्याच ओळीवर होतं. ढोंग म्हणून सोडून देऊ नका. दरम्यान १७९० मध्ये राज्यांची युद्धकर्जं केंद्राने अंगावर घेतली होती, कर्जरोख्यांवर नफा कमावणारा वर्ग उभा राहिला होता. आपल्याच हाताने बांधलेल्या घरात कोण राहायला आलं हे मॅडिसन पाहत होता.

आता वही आखा

सात रकाने: तारीख, सत्तेवर कोण, कोणता अधिकार वापरला, त्याला आधार कोणतं कलम, आक्षेप कोणत्या जातीचा, झळ कोणाच्या खिशाला, आणि मर्यादा ओलांडली की नाही ते कोणी ठरवावं असं आक्षेप घेणारा म्हणतो.

पाचव्या रकान्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. आक्षेप दोन जातींचे असतात: ‘तुम्हाला हा अधिकारच नाही’ आणि ‘अधिकार आहे, पण हे शहाणपणाचं नाही’. व्हिस्कीवरचा कर घ्या. १७९१ चा हा कर एक्साइज, म्हणजे देशात तयार होणाऱ्या मालावरचा कर होता, आणि एक्साइज हा शब्द आठव्या विभागाच्या पहिल्याच कलमात छापलेला आहे. पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी चिडले ते डोंगरापलीकडे धान्य नेणं परवडत नाही म्हणून त्याची दारू गाळून विकत होते, आणि कर नेमका त्यावर बसला म्हणून. १७९४ मध्ये वॉशिंग्टनने सुमारे १३,००० मिलिशिया, म्हणजे राज्यांचे नागरिक-सैनिक, पाठवले. वाद तीव्र, पण पाचव्या रकान्यात ‘शहाणपण’ लिहा, ‘अधिकार’ नव्हे. जॉन जे याने इंग्लंडबरोबर केलेल्या करारावरची १७९५–९६ ची धुमश्चक्री परराष्ट्र धोरणाची म्हणून शिकवतात; वहीत तिची एकच ओळ पुरे: करारासाठी लागणारा पैसा अडवून प्रतिनिधिगृह करार रोखू शकतं का? निसटत्या ५१ विरुद्ध ४८ मतांनी पैसा मंजूर झाला.

१७९८ ला मात्र अख्खं पान द्या. सत्तेवर फेडरलिस्ट, अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स, फ्रान्सशी युद्धाचं वातावरण. नागरिकत्वासाठी राहण्याची अट ५ वर्षांवरून १४ वर्षांवर नेली आणि राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, काँग्रेसची सभागृहं किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं, बदनामीकारक लिखाण केल्यास २,००० डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. यादी बारकाईने बघा: उपाध्यक्ष त्यात नाही. उपाध्यक्ष तेव्हा जेफरसन होता. त्याच्यावर हवी तेवढी चिखलफेक करा, गुन्हा नाही. मुदतही ३ मार्च १८०१ पर्यंतच, म्हणजे अ‍ॅडम्सची कारकीर्द संपेपर्यंत. व्हरमाँटचा काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन याला चार महिने कैद आणि १,००० डॉलर दंड झाला, आणि तो तुरुंगातूनच पुन्हा निवडून आला.

याला उत्तर म्हणून आलेले केंटकी आणि व्हर्जिनियाचे ठराव वाचताना दोन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं ठिकाण मसुद्याचं. केंटकीच्या ठरावाचा जेफरसनने लिहिलेला मसुदा आणि विधिमंडळाने नोव्हेंबर १७९८ मध्ये मंजूर केलेला ठराव एक नाहीत. मसुद्यात ‘नलिफिकेशन’, म्हणजे राज्याने केंद्राचा कायदा रद्दबातल ठरवणं, हा शब्द आहे. मंजूर ठरावात तो गाळला आहे. १७९९ च्या दुसऱ्या ठरावात तो परत आला. कोणता मजकूर वाचता आहात ते वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मॅडिसनचा व्हर्जिनियाचा ठराव सौम्य आहे, त्यात राज्याने ‘मध्ये पडावं’ एवढीच भाषा आहे. दुसऱ्या एकाही राज्याने या ठरावांना औपचारिक पाठिंबा दिला नाही.

दुसरं ठिकाण जास्त फसवं. हे ठराव वाचून जेफरसनला मुद्रणस्वातंत्र्याचा निखळ कैवारी ठरवण्याचा मोह होतो. ठरावाचा कणा वेगळा आहे: वृत्तपत्रांवर कायदा करण्याचा अधिकार केंद्राला नाही, तो राज्यांचा. १८०३ मध्ये अध्यक्ष असताना पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर मॅककीन याला लिहिलेल्या पत्रात जेफरसनच सुचवतो की राज्यांच्या कायद्याखाली निवडक बदनामीखोरांवर थोडे खटले भरले तर गुण येईल. सातव्या रकान्यात १७९८ पुढे ‘राज्यं’ असं लिहा. सगळ्या वहीतली ही सर्वांत वजनदार नोंद. केंद्र किती मोठं असावं हा प्रश्न दिसतो वरवर. खालचा प्रश्न आहे, दोघांचं वाचन वेगळं पडलं तर पंच कोण? १७९१ ला पंच अध्यक्ष होता. १७९८ ला पंचाचे सगळे लोक एकाच पक्षाचे झाले, तेव्हा राज्यं पुढे आली.

१८०३ ची नोंद करताना लुइझियानाचा करार ३० एप्रिलचा, किंमत दीड कोटी डॉलर असं लिहा. नवा प्रदेश विकत घेऊन संघात सामील करण्याचा अधिकार यादीत नाही हे जेफरसनने खासगीत कबूल केलं. घटनादुरुस्तीचे मसुदेही केले. ७ सप्टेंबर १८०३ च्या विल्सन केरी निकोलस याला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की मनमानी अर्थ लावून घटनेचा कोरा कागद करू नये. मग दुरुस्ती मागे का टाकली? करारानुसार सहा महिन्यांत मंजुरीची देवाणघेवाण व्हायला हवी होती आणि नेपोलियनचं मन बदलतंय अशी कुणकुण होती. सिनेटने २० ऑक्टोबरला २४ विरुद्ध ७ मतांनी करार मंजूर केला.

जेफरसनच्याच कारकिर्दीतली, परदेशांशी व्यापार थांबवणारी १८०७ ची व्यापारबंदी भरताना कलम तिसरं: व्यापाराचं नियमन. न्यू इंग्लंडमधले फेडरलिस्ट विचारत होते, नियमन म्हणजे बेमुदत बंदी का? अगदी जेफरसनच्या थाटाचा प्रश्न. गंमत अशी की १८०८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका फेडरलिस्ट न्यायाधीशाने ही बंदी घटनेत बसते असाच निकाल दिला. पक्षाची भूमिका फिरली, त्या न्यायाधीशाचं वाचन फिरलं नाही.

इंग्लंडशी युद्ध चालू असताना न्यू इंग्लंडमधल्या फेडरलिस्टांनी भरवलेलं १८१४–१५ चं हार्टफर्ड संमेलन, २६ प्रतिनिधी. त्यांनी फुटून निघण्याची मागणी केली असं अनेक टाचणांत दिसतं. अंतिम अहवालात तसं नाही. त्यात सात घटनादुरुस्त्या आहेत: युद्धाला आणि नव्या राज्याच्या प्रवेशाला दोन-तृतीयांश मतं, बंदीला ६० दिवसांची मर्यादा, अध्यक्षाला एकच मुदत वगैरे. शिवाय राज्याने नागरिकांसाठी ‘मध्ये पडावं’ हीच व्हर्जिनियाची भाषा तिथे आहे. अहवाल राजधानी वॉशिंग्टनला पोहोचेस्तोवर न्यू ऑर्लिन्सच्या लढाईतल्या विजयाची आणि तहाची बातमी येऊन थडकली आणि पक्ष हास्यास्पद ठरला.

सहावा रकाना कोरा ठेवू नका

कर्जरोखे, बँकेचे भाग, जहाजं हे लोक लिहितात. गुलाम लिहायचं राहतं. १७९० च्या जनगणनेत ३९ लाखांपैकी जवळपास ७ लाख माणसं गुलाम होती, बहुतेक दक्षिणेत. त्याच वर्षी फेब्रुवारीत क्वेकर पंथीयांचे आणि बेंजामिन फ्रँकलिनच्या सहीचा पेनसिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अर्ज काँग्रेसपुढे आले. दक्षिणेचे सदस्य भडकले; मार्चमध्ये सभागृहाने नोंद केली की राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीत हात घालण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. आता १७९१ चे ते वीस विरोधी मतदार पुन्हा बघा. प्रत्येकाने गुलामगिरी वाचवायला बँकेविरुद्ध मत दिलं असं म्हणणं ताणलेलं होईल. पण कलम सैल वाचण्याची सवय लागली तर ती बँकेपाशी थांबेल कशावरून, हा हिशेब दक्षिणेत मांडला जात होता. प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना राज्यातल्या गुलामांची तीन-पंचमांश संख्या लोकसंख्येत धरली जाई; ती गणती काढा, ही हार्टफर्डच्या सात मागण्यांतली एक होती. दोन टोकांच्या या नोंदी सहाव्या रकान्यात एकमेकींकडे बोट दाखवतात.

उत्तर लिहिताना

२५० शब्दांत लिहायचं असेल तर वॉशिंग्टनच्या निरोपाच्या संदेशाने सुरुवात करू नका; सगळेच करतात, आणि तो १७९६ चा, तोवर पक्ष उभे राहिलेले होते. अशी उघडा: ‘२५ फेब्रुवारी १७९१ रोजी बँकेच्या विधेयकावर सही झाली तेव्हा मंत्रिमंडळात घटना वाचण्याच्या दोन रीती लेखी नोंदल्या गेल्या होत्या.’ मग चार ओळींत दोन रीती, दीपगृह आणि फिलाडेल्फियासकट. मग १७९८ आणि १८०३ ही जोडी: सत्ता बदलल्यावर कोणाची भाषा फिरली. शेवटी पंचाचा प्रश्न. ‘शेती विरुद्ध उद्योग’ हे एका अर्ध्या वाक्यात उरका.

वही तपासायला दोन नोंदी मुद्दाम राखून ठेवा. पहिल्या बँकेची सनद १८११ मध्ये संपली. सिनेटमध्ये मतं १७–१७ झाली आणि उपाध्यक्ष क्लिंटनने विरोधात मत टाकून नूतनीकरण पाडलं. १० एप्रिल १८१६ रोजी साडेतीन कोटी डॉलर भांडवलाच्या दुसऱ्या बँकेवर अध्यक्षाने सही केली. तो अध्यक्ष मॅडिसन. आणि ३ मार्च १८१७ रोजी, पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, याच बँकेतून मिळणारा पैसा रस्ते आणि कालव्यांसाठी वापरण्याचं विधेयक त्याने यादीत अधिकार नाही म्हणून परत पाठवलं. सातही रकाने आधी स्वतः भरा, मगच याच दुसऱ्या बँकेवरचा, मॅकलॉक विरुद्ध मेरीलंड हा सर्वोच्च न्यायालयाचा १८१९ चा निकाल उघडा.